कानाची मशीन आणि छातीचे आवाज

इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप आवाज वाढवतो, पण कमी ऐकू येणाऱ्या माणसाचं काम तेवढ्यानं भागत नाही. मी यवतमाळ जिल्ह्यात एका उपकेंद्रावर सामुदायिक आरोग्य अधिकारी आहे. दोन्ही कानांना मशीन लावते. वाढवलेला आवाज आपल्या कानापर्यंत नीट पोचवायचा कसा, यातच माझी खरी मेहनत गेली.

साधा स्टेथो लावायचा तर मशीनचा मोल्ड, म्हणजे कानात बसणारा साचा, काढावा लागतो. मग समोरची आजी "इथं नाही वं बाई, मांगं दुखते" म्हणाली तरी माझ्यापर्यंत येत नाही. पुन्हा मशीन घाला, ऐका, पुन्हा काढा. वेचणीच्या दिवसांत बाया कापसावर जायच्या आधी तपासून घ्यायला येतात. त्यांना ताटकळत ठेवणं मला पटत नाही.

आता माझ्याकडे थिंकलॅब्स वन नावाचा इलेक्ट्रॉनिक स्टेथो आहे, पगारातून साठवून घेतलेला. त्याला नळ्याच नाहीत. मुठीत मावेल एवढी चकती आणि तिला हेडफोन जोडायचा. अख्खा कान झाकणारा मोठा हेडफोन मी मशीनवरूनच चढवते. मशीनचा माईक कानामागे असतो, म्हणून हेडफोन जरा मागे सरकवून बसवायचा. नीट बसला नाही की मशीन शिट्टी मारते.

फुफ्फुसं मी अशी ऐकते. हृदय मात्र मशीन काढून, उघड्या कानावर हेडफोन लावून. कानाची मशीन बोलणं कळावं म्हणून बनवलेली असते, आणि हृदयाचे ठोके फार खालच्या पट्टीतले, बहुतेक २० ते १५० हर्ट्झमधले. मशीनमधून ते पातळ होऊन येतात. माझा कान उंच पट्टीत अधू आहे, खालच्या पट्टीत बरा आहे. त्यामुळे संधिवाताच्या तापानंतर हृदयाची झडप आखडलेली असली, तर पेशंटला डाव्या कुशीवर वळवून, बेलच्या म्हणजे खालच्या पट्टीच्या सेटिंगवर जी जड घरघर ऐकायची असते, ती मला चांगली कळते. रक्त फार कमी असलेल्या गरोदर बाईच्या किंवा सिकलसेलच्या पोराच्या हृदयातली मर्मर, म्हणजे ठोक्यांच्या मधला जादा आवाज, तीही कळते. त्यातली कोणती साधी आणि कोणती धोक्याची, ते ठरवायला मी वर पाठवते.

बारीक क्रेप्स, म्हणजे फुफ्फुसातले चुरचुर आवाज, मात्र मला आवाज वाढवूनही कधी कधी निसटतात. म्हणून लहान लेकराला खोकला असला की मी कानावर विसंबत नाही. लेकरू शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजते. दोन महिने ते वर्षाच्या आतलं असेल तर ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं असेल तर ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जाते का, तेही बघते. हे सगळं डोळ्यांनी होतं, आणि चांगलं ऐकू येणाऱ्यांनीही ते सोडू नये.

उन्हाळ्यात कूलरची घरघरही तेवढीच वाढून येते. तपासताना मी तो बंद करायला लावते. लोक कुरकुरत नाहीत. कशासाठी ते सांगितलं की स्वतःच उठून बटण दाबतात.

एका मुलाखतीत मला विचारलं होतं, ऐकू येत नाही तर नर्सिंगला कशाला आलात? तो प्रश्न अजून खुपतो. १८१६ साली लेनेक या फ्रेंच डॉक्टरला एका तरुण बाईच्या छातीला थेट कान लावणं योग्य वाटेना, म्हणून त्यानं कागदाची गुंडाळी लावली, आणि ठोके नुसत्या कानापेक्षा स्पष्ट ऐकू आले. आज डॉक्टर साधन लावूनच ऐकतात. माझं साधन थोडं वेगळं आहे, एवढंच.

तुम्ही असा स्टेथो घेणार असाल तर आपला ऑडिओग्राम, म्हणजे कानाच्या तपासणीचा आलेख, आणि रोजची मशीन बरोबर न्या. घरच्या कोणाच्या तरी छातीवर मशीनसकट आणि मशीनविना, दोन्ही तऱ्हांनी ऐकून बघा. आवाज किती पट वाढतो ते दुकानदार सांगेलच. हेडफोन जोडता येतो का आणि आवाजाची पट्टी बदलता येते का, हे तुम्ही विचारा.