कॉम्प्युटर शिकून टीबीकडे कशी वळलात?

नाशिकच्या कॉलेज रोडला कुणी ओळखीचं भेटलं की हा प्रश्न हमखास येतो. मुलगी बारावी सायन्सला असते आणि आई विचारते, "ताई, तुम्ही कॉम्प्युटरवाल्या ना? मग या टीबीच्या संशोधनात कशा गेलात? आमच्या हिलाही असंच काहीतरी करायचंय." रस्त्यात उभ्या उभ्या मी "हळूहळू वळले" म्हणते आणि ते उत्तर मलाच अपुरं वाटतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर सांगते.

शिक्षणाचा क्रम साधा आहे. नाशिकला मायक्रोबायोलॉजी घेऊन बीएस्सी, मग पुणे विद्यापीठात बायोइन्फॉर्मॅटिक्समध्ये, म्हणजे जीवशास्त्राचा डेटा कॉम्प्युटरवर अभ्यासण्याच्या विषयात, एमएस्सी, पुढे पीएचडी. लिनक्स आणि पायथन पुण्यातच अंगवळणी पडलं. पण एवढ्यावरून टीबीच का, हे कळत नाही. ते घरातून आलं.

सातपूरला राहणाऱ्या माझ्या मावशीला टीबी झाला आणि तो नेहमीच्या गोळ्यांना दाद देईना. तपासणीत एमडीआर निघाला, म्हणजे रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड ही दोन्ही मुख्य औषधं निकामी. त्या काळी अशा पेशंटचा कोर्स दीड-दोन वर्षांचा असे आणि सुरुवातीचे कित्येक महिने कॅनामायसिनचं इंजेक्शन घ्यावं लागे. मावशी बरी झाली. पण इंजेक्शनं चालू असतानाच तिच्या कानात आधी गुणगुण सुरू झाली, मग कुकरची शिट्टी ऐकू येईना. आजही तिच्याशी बोलायचं तर समोर बसून, ओठ दिसतील असं बोलावं लागतं. या औषधाने कान जाऊ शकतो हे डॉक्टरांना ठाऊक होतं. दुसरा पर्यायच हाताशी नव्हता.

एमएस्सीला मी प्रोटीनच्या रचनांवर काम करत होते. वाचता वाचता टीबीच्या जंतूतल्या आरआरएस या जीनपाशी पोचले. जीन म्हणजे ए, सी, जी, टी या चार अक्षरांत लिहिलेला डीएनएचा एक तुकडा. प्रथिनं तयार करणाऱ्या रायबोसोमचा एक भाग या जीनवरून बनतो आणि कॅनामायसिन नेमकं तिथे जाऊन चिकटतं. या जीनमधलं १४०१वं अक्षर 'ए'चं 'जी' झालं, की औषधाला तिथे नीट धरताच येत नाही. मग इंजेक्शन दिलं काय नि न दिलं काय, सारखंच. आता दुसरी बाजू बघा. माणसाच्या पेशींत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातही याच कामाचा जीन असतो. त्यातलं १५५५वं अक्षर 'ए'ऐवजी 'जी' असेल, तर त्या माणसाला या जातीच्या औषधांनी बहिरेपण येण्याचा धोका कितीतरी वाढतो. म्हणजे औषध चालेल का, हे जंतूतल्या एका अक्षरावरून समजतं आणि ते कानाला झेपेल का, याचा अंदाज पेशंटमधल्या एका अक्षरावरून येतो. मावशीची यांपैकी एकही तपासणी झालेली नव्हती. ते वाचल्यावर मला प्रोटीनच्या रचनांमध्ये पूर्वीसारखा रस उरला नाही. पीएचडीसाठी मी टीबीच मागून घेतला.

कॅनामायसिन आता टीबीच्या उपचारातून बाद झालं आहे, एमडीआरसाठी सहा महिन्यांचे, फक्त गोळ्यांचे कोर्स आले आहेत. याचा मला मनापासून आनंद आहे. पण नव्या औषधांनाही दाद न देणारे जंतू निघतातच, म्हणून अक्षरं वाचायचं काम संपत नाही.

हे काम म्हणजे नक्की काय करता, असंही विचारतात. डीएनएची अक्षरं वाचणाऱ्या सिक्वेन्सिंगच्या मशीनमधून जंतूच्या जीनोमचे, म्हणजे त्याच्या संपूर्ण डीएनएचे, लाखो तुकडे मिळतात, एकेक साधारण दीडशे अक्षरांचा. ते एच३७आरव्ही या प्रमाण जंतूच्या जीनोमवर जागच्या जागी बसवायचे. हा जीनोम १९९८ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ४४ लाख अक्षरं आणि जवळपास ४,००० जीन. मग आपल्या पेशंटचा जंतू कुठे वेगळा आहे ते शोधायचं. सॉफ्टवेअर हे फरक भराभर काढून देतं, पण त्यावर किती विश्वास ठेवायचा ते रोग माहीत असलेल्यालाच ठरवता येतं. टीबीच्या जीनोमचा साधारण दहावा हिस्सा पीई-पीपीई या जीनच्या घराण्यांनी व्यापलेला आहे. ते एकमेकांसारखे इतके, की छोटे तुकडे भलत्याच जागी जाऊन बसतात. तिथले फरक आम्ही बहुधा हिशेबातच धरत नाही. वेगाचंही तसंच. कोविडच्या विषाणूत महिन्याला साधारण दोन अक्षरं बदलतात, तर टीबीच्या जंतूत एक अक्षर बदलायला सरासरी दोन वर्षं लागतात. म्हणून दोन पेशंटच्या जंतूंत पाच किंवा त्याहून कमी अक्षरांचा फरक असेल तर लागण अलीकडची असावी असं धरतात, आणि बारापेक्षा जास्त असेल तर एकाकडून दुसऱ्याला थेट लागण झाल्याची शक्यता फारशी उरत नाही. विषाणूंची सवय असलेला माणूस या आकड्यांपाशी हमखास चकतो.

आणि ती एक्सेल शीट! बेडका कोणत्या तारखेला घेतला, पेशंटने आधी कोणती औषधं घेतली, राहतो कुठे, हे रकाने रिकामे असतील तर जंतूंची वंशावळ कितीही सुबक काढा, तिच्यावरून आरोग्य खात्याला काही करता येत नाही. माझा बराच वेळ लॅब टेक्निशियनना फोन करण्यात जातो. एखादी टेक्निशियन जुनं रजिस्टर उघडून, बोट फिरवत तारीख वाचून दाखवते, तेव्हा तो सॅम्पल कामाचा होतो. संशोधनात या बायकांचं नाव यायला हवं असं मला कळकळीने वाटतं.

कोविडने या क्षेत्राला एकदम उजेडात आणलं. डिसेंबर २०२० मध्ये इन्साकॉग हे कोविडच्या विषाणूचा जीनोम वाचणाऱ्या प्रयोगशाळांचं जाळं उभं राहिलं, आणि पुढे विषाणूचा डेल्टा हा प्रकार ज्या घराण्यातून निघाला ते बी.१.६१७ महाराष्ट्रातल्या सॅम्पलमध्येच आधी नजरेत आलं. साथ ओसरल्यावर बरेच जण दुसरीकडे वळले. त्यांना मी दोष देत नाही, प्रोजेक्टच्या नोकऱ्या कंत्राटी असतात आणि फेलोशिप वेळेवर येतेच असं नाही. घरच्यांनी हे आधी समजून घ्यावं. पण जगातल्या टीबीच्या पेशंटपैकी जवळपास चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. माणसं तर लागणारच.

म्हणून मुलींना माझं सांगणं असतं की रोग आधी निवडा, कोर्स मग. हत्यारं दर चार-पाच वर्षांनी बदलतात. रोगाची जाण मात्र साठत जाते. आपल्या नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, सिव्हिल आहे. टीबी बघणाऱ्या डॉक्टरांना जाऊन विचारा, की तुमचं कुठे अडतं?

आणि सुट्टीत करून बघण्यासारखं एक काम आहे. अमेरिकेतल्या एनसीबीआय या सरकारी संस्थेच्या एसआरए या ऑनलाइन संग्रहात टीबीच्या जंतूंचा डेटा कुणालाही फुकट मिळतो. एक सॅम्पल उतरवून घ्या, एच३७आरव्हीवर बसवा, आयजीव्ही या तुकडे डोळ्यांनी बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. साधा लॅपटॉप पुरतो. मग ७,६१,१५५व्या अक्षरापाशी जा. हा आरपीओबी जीनमधला ४५०वा कोडॉन, म्हणजे तीन अक्षरांचा गट, जुन्या शोधनिबंधांत यालाच ५३१ म्हटलेलं सापडेल. तिथे 'सी' दिसला तर शेजारची अक्षरंही तपासा. 'सी'च्या जागी सगळ्या तुकड्यांत 'टी' दिसला, तर त्या पेशंटवर रिफॅम्पिसिन चालणार नव्हतं. तसा सॅम्पल सापडला तर मला कळवा, आयसोनियाझिडसाठी कुठे बघायचं ते सांगते.