तुम्ही विचारलंत म्हणून: मेडल नाही, मग पेढे कसले?

इथे इंदूरला लोकमान्य नगरात आमच्याकडे कोणी आलं, किंवा गणपतीत आरतीनंतर प्रसाद घेताना कोणी भेटलं, की हा प्रश्न ठरलेला असतो. वहिनी, एवढी वर्षं घोड्यावर बसताय, एखादं मेडल वगैरे मिळालं का, आणि नाही तर मधूनच पेढे कसले वाटता? प्रश्न रास्त आहे आणि विचारणारेही प्रेमानेच विचारतात, पण गडबडीत मी नुसतं "अहो, घोडी आज छान चालली" एवढंच सांगते आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. म्हणून आज नीट बसून लिहितेय.

मी मैनावर बसते, ती क्लबची घोडी. पेढ्यांचा एक प्रसंग सांगते म्हणजे कळेल. मैनाला चढताना उभं राहायला जमायचं नाही. डावा पाय रिकिबीत टाकला की ती पुढे निघालीच, आणि बरेच जण तसेच चालत्या घोडीवर चढून बसतात, लगाम खेचतात, काम सुरू. आमचे शिकवणारे रिटायर्ड रिसालदार साहेब, म्हणजे घोडदळातले जुने अधिकारी, त्यांना ते अजिबात चालत नाही. त्यांनी मला सांगितलं की चढायचंच नाही. पाय रिकिबीत ठेवायचा, थोडं वजन द्यायचं, ती हलली नाही तर लगेच पाय काढून मागे सरकायचं आणि खोगिरापुढे मानेच्या मुळाशी खाजवायचं. हलली तर काही बोलायचं नाही, पुन्हा जागेवर आणायची, पुन्हा पाय. सकाळच्या सकाळ यातच जायची, बाकीची मुलं ट्रॉट कँटर, म्हणजे दुडकी आणि त्याहून वेगाची चाल, करून घरी पोह्यांना पोचायची आणि मी आपली घोड्यावर चढायच्या ठोकळ्याजवळच.

मग एका सकाळी मी पूर्ण चढले, खोगिरात अलगद टेकले, दुसरा पाय रिकिबीत गेला, लगाम गोळा केला, आणि मैना उभी. कुंपणापलीकडे कुत्रं भुंकत होतं, तिचा एक कान तिकडे आणि एक कान मागे माझ्याकडे. मग तिने मान खाली सोडली, फुर्रर्र करून लांब श्वास टाकला आणि ओठ चाटायला लागली. मी वाट बघतेय आता पुढे काय करायचं सांगतील, तर साहेब म्हणाले, "उतर जाओ. आज की छुट्टी." खोगीर काढलं, घोड्यांची देखभाल करणाऱ्या सईस चाचांनी खरारा केला, आणि दिवसाचं काम तिथेच संपलं. त्या दिवशीचे पेढे होते ते.

आता यात एवढं काय, असं वाटेल. घोडा हे शिकार होणारं जनावर, धोका दिसला की पळायचं हे त्याच्या रक्तात आहे. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त नाकासमोरचं अगदी जवळचं आणि थेट पाठीमागचं सोडून, आणि आपण चढून बसतो ते पाठीवर, जिथलं त्याला धड दिसत नाही. अशा जनावराने कुत्रं भुंकत असताना, पाठीवर माणूस घेऊन, कोणी धरलेलं नसताना मोकळं उभं राहायचं म्हणजे त्याने तुमच्यावर केवढा विश्वास टाकला! माझ्या लेखी ही मोठी गोष्ट आहे आणि ती त्याच दिवशी साजरी व्हायला हवी.

आणि "त्याच दिवशी" पण आपल्यासाठी, घोड्यासाठी त्याच क्षणी. घोडा टाच मारल्याने शिकत नाही, टाचेचा दाब सुटला त्या क्षणी शिकतो, की हां, हे केलं की मोकळं होता येतं. शाबासकी दहा मिनिटांनी तबेल्यात दिली तर ती कशाबद्दल हे त्याला कळत नाही. जुन्या घोडदळात तर कवायत संपली की हुकूमच असायचा, मेक मच ऑफ युअर हॉर्सेस, म्हणजे सगळ्या स्वारांनी आपापल्या घोड्याचं कौतुक करायचं. मला हे फार आवडतं, कौतुक हा कवायतीचाच भाग! फक्त ते धपाधप थोपटणं मला पटत नाही, त्यापेक्षा खाजवा, घोडे एकमेकांना मानेच्या मुळाशी असंच दातांनी खाजवतात आणि तिथे खाजवलं की त्यांची धडधड कमी होते हे मोजून पाहिलेलं आहे.

मेडलचं म्हणाल तर मला मेडलचं वावडं नाही हो. 2023 मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये आपल्या ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या हालचाली नेमकेपणाने करवून घ्यायच्या स्पर्धेच्या, टीमने सोनं आणलं, घोडेस्वारीत 1982 नंतर पहिल्यांदा, आणि त्या चौघांत आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती, तेव्हा मी अख्ख्या बिल्डिंगला गोड खायला घातलं होतं. पण तो स्कोअर बघा. वरच्या तिघांच्या टक्क्यांची बेरीज 209.205, म्हणजे एकेकाचे साधारण सत्तर टक्के. ड्रेसाजमध्ये एकेका हालचालीला शून्य ते दहा मार्क असतात, आणि सोनं मिळवणाऱ्यांनाही सगळीकडे दहा मिळत नाहीत. आणि सुरुवातीलाच काय करायचं असतं? आत यायचं, मध्यावर थांबायचं, घोडा निश्चल उभा, मग सलाम. त्या उभं राहण्याचेही मार्क असतात! म्हणजे मी ठोकळ्याजवळ जे करत होते तेच, फक्त त्यांचं कितीतरी वरचं.

मुलांच्या बाबतीत एक सांगते. हल्ली पोरगं पहिल्यांदा कँटरला गेलं की आईबाबा रील टाकतात, मुलाचं नाव, मुलाचे बूट, मुलाचं हेल्मेट, आणि घोड्याचं नावही नाही. करा ना कौतुक, जरूर करा, पण ती पहिली कँटर त्या घोड्याने सांभाळून दिलेली असते आणि सईसने त्याआधी तासभर राबून त्याला तयार केलेलं असतं. पावसाळ्यात आपली काळी माती खुरांत अशी घट्ट बसते की चारही खूर कोरून काढताना चाचांची कंबर मोडते. मागे एक नवा घोडा आला होता, मागचा उजवा पाय कोणाला धरूच द्यायचा नाही. चाचा महिनोन्‌महिने रोज थोडा थोडा हात खाली नेत गेले, आणि नालबंदाने तो पाय शांतपणे मांडीवर घेऊन नाल ठोकला तेव्हा चाचांचे डोळे भरून आले. त्याचा व्हिडिओ कोणी काढला नाही. त्या दिवशी पेढे मी चाचांच्या हाताने वाटायला लावले.

तेव्हा पुढच्या वेळी माझ्या किंवा तुमच्या मुलीच्या रायडिंगची चौकशी करायची असेल तर "काय जिंकलीस" याऐवजी "आज घोडीने काय केलं" असं विचारून बघा, उत्तर लांबलचक मिळेल, तयारी ठेवा. आणि बघायलाच यायचं असेल तर रविवारी सकाळी लवकर या, ऊन चढायच्या आत. गाजरं आणलीत तर आधी चाचांना विचारा, त्यांच्याकडेच द्या, आणि लांब लांब चिरून आणा, गोल तुकडे नकोत, घोड्याच्या घशात अडकतात.