सांगलीकडचा खो-खो आणि चुकीच्या गड्याला गेलेली ढाल

पुण्याहून सांगलीला जाताना पेठ नाक्यापर्यंत सांगण्यासारखं काही नाही. हायवे सोडला की मात्र उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन जोडलेल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि वर लादलेला ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. कारखाने सुरू असतील तर इस्लामपूर, आष्टा करत सांगली गाठायला एक तास जादाच धरा. सांगलीत आयर्विन पूल, गणपतीचं देऊळ, हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम, सगळं बघून झालं, छान झालं. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. इथं लिहायचंय ते जवळच्या एका गावातल्या पुरुषांच्या खुल्या खो-खो स्पर्धेबद्दल आणि खरं सांगायचं तर तिथं शेवटी दिलेल्या एका ढालीबद्दल. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पाहुणचार उत्तम होता आणि पुढे कुरकुर आहे.

मैदान मातीचं. मॅट टाकायची ऐपत नाही असं नव्हे, तिथल्या लोकांना मातीच हवी असते. २७ बाय १६ मीटरचं अंगण, दोन टोकांना साधारण १२० सेंटिमीटर उंच लाकडी खांब, मधल्या पाटीवर आठ चौक. चाळलेली माती पसरून पाणी मारलेलं, रोलर फिरवलेला, वर चुन्याच्या रेघा. संध्याकाळी सहा वाजता हे मैदान अगदी देखणं होतं. सामना सहालाच सुरू झाला असता तर तसंच राहिलंही असतं. पण आधी सत्कार. नारळ, शाल, फेटा, मग ज्यांचा सत्कार झाला त्यांचे दोन शब्द, आणि ते दोन शब्द कधीच दोन नसतात. अंतिम सामना सुरू व्हायला रात्रीचे दहा वाजून गेले. तोवर दव पडलं होतं. दवाने मातीचा वरचा थर चिकट होतो, तळव्याला थापी बसते आणि खांबाला वळसा घालताना पाय सरकतो. संयोजकांनी खांबांभोवती कोरडी माती टाकली, पण ती पाच मिनिटांत ओली झाली. याचा तोटा आक्रमक आणि संरक्षक दोघांना सारखा होत नाही. धावणाऱ्या आक्रमकाला आपण कुठं वळणार हे आधीच माहीत असतं. संरक्षकाला ते ऐनवेळी ठरवायचं असतं, त्यामुळे जास्त घसरतो तोच.

पाहुण्यांना स्टेजसमोरच्या खुर्च्या देतात. तिथं बसू नका. एका आजोबांनी हाताला धरून उठवलंच. "पाव्हणं, हितनं काय दिसतंय? तिकडं खांबाकडं चला." त्यांचं बरोबर होतं. समोरून नुसती पळापळ दिसते. खांबामागच्या कोपऱ्यात बसलं की आक्रमकाचे खांदे दिसतात, आणि खो-खोमध्ये सगळं खांद्यावर असतं. एकदा दिशा घेतली की त्याला मागे वळता येत नाही, खांब गाठेपर्यंत त्याच दिशेनं जावं लागतं किंवा बसलेल्याला खो द्यावा लागतो. मधली पाटी ओलांडता येत नाही. संरक्षकाला यातलं काहीच बंधन नाही. तो बसलेल्या दोघांच्या मधून आरपार जाऊ शकतो, उलटा फिरू शकतो, नुसता उभाही राहू शकतो. नियमांचा सगळा जाच आक्रमकाला आहे, म्हणून तर त्यांना नऊ जण आणि समोर एका वेळी तिघेच.

अंतिम सामन्यात पाठीवर सहा नंबर असलेला एक गडी होता. पहिल्या तुकडीतला. बुटका, अंगानं किरकोळ, अनवाणी. दोन्ही डावांत आपल्या तुकडीत पहिला बाद तोच झाला. कागदावर त्याची वेळ तिघांत सगळ्यात कमी. आणि तरीही त्या मैदानावरचा सगळ्यात चांगला संरक्षक तोच होता, असं माझं ठाम मत आहे. उत्कृष्ट संरक्षकाची ढाल गेली त्याच्याच तुकडीतल्या उंच गड्याला, कारण तो सगळ्यात शेवटी बाद झाला.

हे असं होतं ते वेळ मोजण्याच्या पद्धतीमुळे. तिघांची तुकडी एकदम आत येते आणि तिघांचंही घड्याळ एकदमच सुरू होतं. बाद होईपर्यंतचा वेळ ज्याच्या त्याच्या नावावर. समजा पहिला गडी १ मिनिट १० सेकंदांनी बाद झाला, दुसरा १ मिनिट ४० सेकंदांनी आणि तिसरा २ मिनिटं २० सेकंदांनी. उद्याच्या पेपरात तिसऱ्याचं नाव, कंसात २.२० मि. आता तिघांच्या वेळेची बेरीज करा: ७० अधिक १०० अधिक १४०, म्हणजे ३१० सेकंद. पण तुकडी मैदानात होतीच मुळी १४० सेकंद! एकच सेकंद तीन-तीन जणांच्या खात्यात जमा होतो. आक्रमक सुरुवातीपासून पहिल्याच्याच मागे लागला असेल, तर अंगावर घेतलेला वेळ असा निघतो: पहिल्याचे ७०, दुसऱ्याचे ३०, तिसऱ्याचे ४०. बेरीज १४०, घड्याळाशी तंतोतंत. पाळी ९ मिनिटांची, म्हणजे ५४० सेकंदांची. संघाला त्यातला प्रत्येक सेकंद कुणीतरी एकदाच विकत घेऊन द्यायचा असतो. तो कुणी घेतला, हे कागद सांगत नाही.

सहा नंबर तो घेत होता, आणि मुद्दाम घेत होता. तुकडी आत आली की बाकीचे दोघे लांबच्या खांबाकडे सरकायचे आणि हा धावणाऱ्या आक्रमकाच्या समोर जाऊन उभा राहायचा. मग एकेरी साखळी. बसलेल्या एकेका गड्याला आतून-बाहेरून वळसे घालत पुढे जायचं. प्रत्येक वळशाला आक्रमकाला खो द्यावा लागतो, कारण खांबापर्यंत न जाता पाटीपलीकडे पोचायला तोच एक मार्ग. या गड्याची खुबी अंतरात होती. बरेच संरक्षक बसलेल्यापासून दीड-दोन हात लांबून वळतात, तिथं अचानक खो मिळालेला गडी उठून सूर मारू शकतो. हा वळायचा तो बसलेल्याच्या गुडघ्याला जवळजवळ घासून, आणि तेही त्याची पाठ असेल त्या बाजूनं. पाठमोऱ्या गड्याला खो दिला तर तो उठतो उलट्या बाजूला तोंड करून. एकदा तर आक्रमकाची बोटं बनियनच्या टोकापाशी आली होती. आता लागलाच, असं वाटून आक्रमक खो न देता रेटत राहिला, दोन चौक पुढे गेला, तेवढ्यात याने डाव्या खांद्यानं हूल दिली आणि उजवीकडून दोघांच्या मधून पलीकडे. आक्रमकाची दिशा घेऊन झालेली. तो तसाच खांबापर्यंत गेला, खांबाला वळसा घालून परत आला. या एका हुलीत संघाला फुकटचे काही सेकंद मिळाले, आणि ते जमा झाले तिघांच्याही नावावर. उंच गड्याच्या वेळेत हेही आले.

शेवटी बाद झाला तो खांबावर. ओल्या मातीत पाय सरकला, टोकाच्या चौकातल्या लांब हाताच्या गड्यानं पोल डाइव्ह (खांबाला धरून सूर) मारला आणि गडी गेला. तो टोकाचा गडीही उगीच तिथं नव्हता. प्रशिक्षक सगळ्यात चांगले सूर मारणारे पहिल्या आणि आठव्या चौकात बसवतात, कारण संरक्षक दमला की खांबाचा आसरा घेतो हे त्यांना पाठ असतं.

हे फक्त खो-खोचं दुखणं नाही. अमेरिकेतल्या एनबीएमध्ये 'डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर' हा बास्केटबॉलचा किताब १९८२-८३ च्या हंगामापासून देतात. पहिली दोन वर्षं तो सिडनी मॉनक्रिफ या गार्डला मिळाला, पण पुढे बहुतेक वेळा बास्केटजवळ उभे राहून ब्लॉक आणि रिबाउंड घेणाऱ्या उंच गड्यांकडे गेला. गार्डांमध्ये नंतर अल्विन रॉबर्टसन १९८६ मध्ये, मायकल कूपर १९८७ मध्ये, मायकल जॉर्डन १९८८ मध्ये, गॅरी पेटन १९९६ मध्ये आणि मार्कस स्मार्ट थेट २०२२ मध्ये. सॅन अँटोनियोचा ब्रूस बोवेन समोरच्या संघाचा सगळ्यात धोकादायक गडी रोज अंगावर घ्यायचा, चेंडू त्याच्या हातात पोचूच द्यायचा नाही. २००५, २००६ आणि २००७, तिन्ही वर्षं मतदानात दुसरा. न पोचलेल्या चेंडूचा आकडा गुणपत्रिकेत येत नाही ना! त्याच संघातल्या टिम डंकनला तर पंधरा वेळा बचावाच्या सर्वोत्तम संघांत घेतलं, तरी हा किताब एकदाही दिला नाही. तिथं निदान मतदान होतं, वादावादी होते. आपल्याकडे गुणलेखकाच्या टेबलावरून सगळ्यात मोठी वेळ वाचतात आणि नाव पुकारतात.

खरा हिशेब ठेवणं अवघड नाही. फोनमधलं स्टॉपवॉच आणि एक वही पुरते. वहीत तुकडीतल्या तिघांच्या नंबरांचे तीन रकाने पाडा. तुकडी आत आली की घड्याळ सुरू. आक्रमक कुणाच्या मागे आहे ते बघा, आणि लक्ष्य बदललं की लॅप दाबून तो वेळ आधीच्या रकान्यात लिहा. शेजारी त्या गड्यावर किती खो खर्च झाले त्याच्या रेघोट्या ओढा. हा आकडा वेळेपेक्षाही बोलका. तीस सेकंदांत दहा-बारा खो द्यायला लावणाऱ्यानं निम्मा संघ उठवून बसवलेला असतो, आणि ते दमलेले पाय पुढच्या तुकडीच्या कामी येतात. शेवटी गडी कसा बाद झाला ते लिहा: साधा स्पर्श, सूर, खांब, की स्वतःच दोन्ही पाय रेषेबाहेर. शेवटचा प्रकार असेल तर थोडे गुण कापा.

यात गडबड होते ती दोन ठिकाणी. सुरुवातीचे काही सेकंद आक्रमक नुसता अंदाज घेत असतो, तो वेळ कुणालाच देऊ नका. आणि दोन संरक्षक चुकून एकाच पट्ट्यात आले की आक्रमक दोघांवर एकदम जातो, तो वेळ निम्मा-निम्मा करा. शिवाय मातीवर पाठीवरचे नंबर पहिल्या सुरानंतर दिसेनासे होतात. तेव्हा नंबरावर विसंबू नका, अंगलट ओळखायला शिका.

उंच गड्यावर अन्याय नको म्हणून हेही लिहितो. लांब राहणं म्हणजे लपणं नव्हे. आक्रमकाच्या दिशेच्या पलीकडे सतत सरकत राहणं, साथीदाराच्या साखळीत न अडकणं, याला अक्कल लागते. आणि शेवटचा उरलेला गडी एकटा नऊ जणांसमोर असतो, तिथले चाळीस सेकंद सुरुवातीच्या चाळीसपेक्षा महाग. त्याला दुसऱ्या क्रमांकाची ढाल मी आनंदानं दिली असती. उलट बाजूनं, पहिला बाद होणारा प्रत्येक जण सहा नंबर नसतो. बहुतेक वेळा तो कच्चाच असतो, म्हणून त्याला आधी गाठतात. फरक रेघोट्यांत कळतो. कच्चा गडी तीन-चार खोंत जातो.

अल्टिमेट खो-खो या व्यावसायिक लीगनं २०२२ मध्ये 'ड्रीम रन' आणला तेव्हा एक गोष्ट बरी केली. तुकडी ठरावीक वेळ टिकली की बोनस गुण संघाला मिळतो, एकट्याला नाही. दिल्लीत जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या पहिल्या विश्वचषकातही ड्रीम रन होता, आणि भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी नेपाळला हरवून विश्वचषक जिंकला. म्हणजे तुकडी हेच संरक्षणाचं माप, हे नियम करणाऱ्यांना पटलंय. मग वैयक्तिक बक्षिसाच्या वेळी तुकडी कुठं जाते?

बक्षीस समारंभ झाल्यावर संयोजकांपैकी एकांना हे वहीसकट दाखवलं. ते चिडले नाहीत. चहा मागवला, भडंगाचा कागद पुढे सरकवला, रकाने नीट वाचले आणि म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. पण ढालीवर नाव आधीच टाकायला दिलं हुतं, साहेब. उपांत्य फेरीपर्यंतची वेळ बघून." आता यावर काय बोलणार!

सहा नंबर तोवर निघून गेला होता. सकाळी ऊसतोडीवर जायचं होतं म्हणे. सामना बघायला जाणारांनी परतीचं आधीच ठरवून ठेवावं. रात्री अकरानंतर वडाप (शेअर जीप) मिळत नाही, आणि मिळालंच तर सांगलीपर्यंतचं भाडं ड्रायव्हर तोंड बघून सांगतो.