प्रागची पारिझ्स्का स्ट्रीट: पैसे बदलल्याची पावती तीन तास फेकू नका

प्रागला जाणार असाल आणि पारिझ्स्का स्ट्रीटवर खरेदीचा किंवा नुसती चक्कर मारायचा बेत असेल तर हे आधी वाचा, कारण आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि 300 युरोंवर साडेसहा हजार रुपयांचा चुना लागला होता. लागला होता म्हणतेय कारण ते पैसे मी परत मिळवले. ते कसे ते नीट सांगते, बाकी प्रवास थोडक्यात.

गेल्या सप्टेंबरात लेकीकडे व्हिएन्नाला गेलो होतो. तिथले दिवस मस्त गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. निघताना लेकीने माझ्या हातात पाकीट दिलं, 300 युरो, म्हणाली आई प्रागला स्वतःसाठी काहीतरी छान घे, घरासाठी नको आणि बाबांसाठीही नको. ट्रेनने चार तासांत प्राग. ह्लाव्नी नाद्राझी हे मुख्य स्टेशन, तिथून लाल मेट्रोने म्यूझेउम, तिथे बदलून हिरव्या लाइनने स्तारोम्येस्त्स्का, वर आलं की पारिझ्स्का पाच-सात मिनिटांवर. टॅक्सीची अजिबात गरज नाही. तिकीट मशीनला कार्ड चालतं, पण कागदी तिकीट घेतलं तर आत शिरताना पिवळ्या डब्यात छापून घ्यायचं, नाही छापलं तर दंड.

आता मुख्य गोष्ट. चेक रिपब्लिक युरोपियन युनियनमध्ये आहे पण तिथे युरो नाही, कोरुना चालते. हे माहीत होतं. पण आमच्या फॉरेक्स कार्डावर कोरुना भरायची सोय नव्हती आणि लेकीचे युरो कॅशमध्ये होते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्ड टाउन स्क्वेअरकडे जाताना वाटेत एका मनी एक्स्चेंजच्या खिडकीवर थांबलो. मोठ्ठा बोर्ड, वर ठळक शून्य टक्के कमिशन, खाली युरोचा झेंडा आणि पुढे 24 च्या पुढचा आकडा, म्हणजे एका युरोला इतक्या कोरुना. लेकीने सांगितलेला भाव पण 24 च्या वरच होता, म्हणून मी निर्धास्त. नोटा दिल्या, त्याने काचेखालून कोरुना सरकवल्या आणि पावती दिली. मागे रांग, हे म्हणतायत चल चल घड्याळाचे ठोके चुकतील, तिथलं 1410 सालचं खगोलीय घड्याळ तासाला वाजतं ना, त्या गडबडीत मी नोटा न मोजताच पर्समध्ये टाकल्या आणि पावती पासपोर्टमध्ये खोचली. तेवढं एक बरं केलं.

त्यांची युक्ती अशी की बोर्डावरचा मोठा आकडा हा ते युरो विकतात तेव्हाचा भाव. आपण युरो देतो तेव्हाचा भाव वेगळा, तो बाजूला बारीक अक्षरात. मला मिळाला होता 19. म्हणजे 300 युरोंच्या 5700 कोरुना, खऱ्या भावाने सव्वासात हजारांच्या वर मिळायला हव्या होत्या. कमिशन शून्य हे खरंच आहे, कारण सगळं भावातच कापून घेतात. बाहेरून पाटी बघून कळत नाही. खिडकीवर विचारायचं, 300 युरो देते तर हातात किती कोरुना पडतील, आकडा कागदावर लिहून दे. आपल्याकडे भाजीवालीला सुद्धा आपण आधी विचारतो, मग इथेच का लाजायचं.

तर मी काही न कळता पारिझ्स्कावर आले. ही स्ट्रीट ओल्ड टाउन स्क्वेअरच्या सेंट निकोलस चर्चजवळ सुरू होते आणि सरळ व्ल्टावा नदीवरच्या चेखुव्ह पुलापर्यंत जाते, रमतगमत चाललात तरी दहा मिनिटांत संपते. एर्मेस, लुई वित्ताँ, दिओर, गुची, कार्तिए, सगळे एका रांगेत, काही दुकानांबाहेर माणसं उभी असतात आणि आत मोजकेच लोक सोडतात. आम्ही एका दुकानात गेलो, साधे कपडे, पायात स्पोर्ट्स शूज, पाठीला सॅक, तरी व्यवस्थित बसवलं, पाणी दिलं. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुमची आवड तुमची. मला एक छोटं कार्ड ठेवायचं पाकीट आवडलं, गडद हिरवं, कडेला हाताने घातलेली बारीक टीप, बोट फिरवलं की प्रत्येक टाका लागतो. किंमत 6900 कोरुना. मी मनात हिशेब केला, लेकीच्या पैशांत बसतंय, वर थोडे उरतील. नोटा काउंटरवर मोजायला लागले तर 5700. परत मोजल्या. 5700. ह्यांना वाटलं मी नोटा पाडल्या, पर्स उलटी केली, सॅकचे सगळे कप्पे बघून झाले. इतकं वाईट वाटलं ना, पैशांपेक्षा लेकीने दिलेले म्हणून.

ती दुकानातली मुलगी विशीतली असेल. तिने विचारलं किती युरो बदललेत, कुठे बदललेत, पावती आहे का. पासपोर्टमधून पावती काढून दिली. तिने भावावर बोट ठेवलं, मग वेळेवर. 11 वाजून 8 मिनिटं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, 1 वाजून 20. म्हणाली, तीन तास झालेले नाहीत, जा आणि रद्द करा, कायदा आहे, त्यांना परत द्यावेच लागतात.

हा कायदा नीट समजून घ्या. 1 एप्रिल 2019 पासून चेक रिपब्लिकमध्ये मनी एक्स्चेंजमध्ये पैसे बदलल्यावर तीन तासांच्या आत तुम्ही कारण न सांगता व्यवहार रद्द करू शकता. 1000 युरोंच्या किमतीपर्यंतच्या रकमेला लागू आहे. पावती घेऊन त्याच जागी जायचं, त्यांनी दिलेल्या कोरुना पूर्ण परत द्यायच्या आणि आपले पैसे घ्यायचे. या धंद्यावर देखरेख चेक नॅशनल बँकेची असते, तिकडे सीएनबी म्हणतात. एवढी तीन अक्षरं पाठ करा.

पूर्ण परत द्यायच्या म्हटल्यावर पुढची अडचण आली. मधल्या वेळात घेतलेल्या दोन कॉफ्या कार्डवर होत्या, पण टॉयलेटचे आणि पाण्याच्या बाटलीचे पैसे याच कोरुनांतून गेले असं ह्यांना वाटत होतं. ते तसं नव्हतं, नोटा पूर्ण 5700 होत्या आणि सुटे पैसे लेकीने दिलेल्या कोरुनांच्या जुन्या नाण्यांतले गेले होते, पण हे नक्की करण्यात पाच-सात मिनिटं त्या दुकानाच्या दारातच गेली. म्हणून सांगते, एक्स्चेंजच्या नोटा तीन तास वेगळ्या ठेवा, त्यातली एकही मोडू नका.

मग आम्ही निघालो आणि मी अक्षरशः पळाले. प्रागच्या फुटपाथवर छोटे छोटे चौकोनी दगड बसवलेले असतात, दिसायला फार सुंदर, सकाळी पाऊस पडून गेलेला, त्यावर पाय सटकतो. त्यात स्क्वेअरच्या कोपऱ्यावर ग्रुप टूरवाले छत्री वर धरून उभे, बाजूला हॅमचे स्टॉल, पन्नास जणांच्या मधून वाट काढायची. ते शेवटचं शंभर-दीडशे मीटर अंतर मला सगळ्या युरोप टूरमधलं सगळ्यात वाईट वाटलं. गुळगुळीत तळव्याचे बूट किंवा हिल्स घालून या भागात फिरू नका, माझे चांगल्या ग्रिपचे शूज होते म्हणून दात शाबूत आहेत.

खिडकीवर दुसराच माणूस बसला होता. मी पावती काचेला लावली आणि म्हटलं कॅन्सल. तो म्हणाला नॉट पॉसिबल. मी म्हटलं थ्री अवर्स. तो म्हणाला मॅनेजर नाही, उद्या या. इथेच लोक परत फिरतात आणि त्यांना तेच हवं असतं, कारण उद्यापर्यंत तीन तास निघून जातात. मी हलले नाही. मागे रांग लागायला लागली, मी बाजूला पण झाले नाही, हे मात्र अगदी शांतपणे फोन काढून बोर्डाचा आणि पावतीचा फोटो काढायला लागले. मग मी म्हटलं, ओके, सीएनबी. एवढंच. त्याने माझ्याकडे बघितलं, ड्रॉवर उघडला, कोरुना दोनदा मोजल्या, एका कागदावर सही घेतली आणि सहा पन्नासच्या नोटा सरकवल्या. 1 वाजून 52 मिनिटं. मी तिथे रस्त्यावर उभी राहून लेकीला फोन केला आणि रडले, आनंदाने.

तर माझं स्पष्ट मत. ओल्ड टाउन स्क्वेअरच्या आसपास कुठल्याही खिडकीवर पैसे बदलू नका, एकही युरो नको. प्रागमध्ये दुकानं, मेट्रो, ट्राम, कॉफी सगळीकडे कार्ड चालतं, चार दिवसांना हजार-दीड हजार कोरुना कॅश भरपूर झाली, ती खऱ्या बँकेच्या शाखेला लागून असलेल्या एटीएममधून काढा. फुटपाथवर एकटी उभी असलेली भडक रंगाची एटीएम टाळा. एटीएम असो की दुकानातलं कार्ड मशीन, ते विचारतं रुपयात घेऊ की कोरुनात, कायम कोरुना दाबायचं. रुपये दाबलं की भाव ते ठरवतात, आपली बँक नाही. हिरव्या रंगाचं बटण कधीकधी रुपयांचं असतं, घाईत तेच दाबलं जातं, आमचं पहिल्या दिवशी एकदा दाबलं गेलं.

स्क्वेअरमधल्या स्टॉलवर नॉनव्हेज खाणाऱ्यांनी हॅमचा बोर्ड नीट वाचा, भाव 100 ग्रॅमचा असतो, तो प्लेटभर कापतो आणि मग वजन करतो. ह्यांना एका प्लेटचे जेवढे पडले तेवढ्यात दोघं आत बसून जेवलो असतो. कापायच्या आधी 100 ग्रॅम म्हणून सांगा आणि काट्याकडे बघत उभे राहा. ट्रडेल्निक नावाचा गोल गोड पाव सगळीकडे प्राचीन पदार्थ म्हणून विकतात, प्रागमध्ये तो टुरिस्टांसाठीच आलाय, नाही खाल्ला तरी चालेल.

पारिझ्स्कावर मात्र फसवणूक नाही. किंमत लेबलवर असते तीच, घासाघीस नाही. पैसे परत मिळाल्यावर मी दुकानात परत गेले, पाकीट कार्डवर घेतलं, कोरुना दाबून. लेकीचे युरो तसेच ठेवलेत. त्या मुलीला मिठी मारली.

नंतर ती स्ट्रीट मी नीट बघितली, आणि फक्त शोकेस बघत चालाल तर अर्धी स्ट्रीट चुकेल, मान वर करा. मनोरे, गच्च्या, पुतळे, दारांवरचे चेहरे, सगळं 1900 च्या आगेमागे बांधलेलं. त्याआधी इथे योझेफोव्ह, म्हणजे ज्यू वस्तीच्या दाट गल्ल्या होत्या, 1893 च्या कायद्याने त्या पाडल्या आणि पॅरिसच्या धर्तीवर हा रुंद रस्ता काढला. आधी नाव मिकुलाश्स्का होतं, 1926 पासून पारिझ्स्का. निम्म्या वाटेवर डावीकडे स्तारोनोवा सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, तेराव्या शतकातलं. ते रस्त्यापेक्षा खाली आहे, आत जायला पायऱ्या उतराव्या लागतात, कारण पुरापासून वाचवायला आजूबाजूची जमीन भर घालून उंच केली आणि सिनेगॉग होतं तिथेच राहिलं. एका बाजूला लाखांच्या पर्सा आणि चार पावलांवर ही जुनी भिंत, मी बराच वेळ तिथल्या झाडाखाली बसले. शेजारच्या ज्यू टाउन हॉलवर हिब्रू आकड्यांचं घड्याळ आहे, काटे उलटे फिरतात. जवळच पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या जवळजवळ 80,000 ज्यूंची नावं हाताने लिहिलेली आहेत. तिथे जाच, खरेदी कमी करा पण तिथे जा. शनिवारी आणि ज्यू सणांना ही सगळी ठिकाणं बंद असतात, आमच्या हॉटेलमधल्या एका जोडप्याचा प्रागमधला एकुलता एक दिवस नेमका शनिवार होता.

राहिला टॅक्स रिफंड, म्हणजे खरेदीच्या किमतीतला व्हॅट हा टॅक्स टुरिस्टांना परत मिळतो तो. एका दुकानात एका दिवसात 2000 कोरुनांच्या वर खरेदी झाली की फॉर्म मागा, पासपोर्ट सोबत हवा, फोटोकॉपी नको. व्हॅट 21 टक्के आहे पण मधली कंपनी आपला हिस्सा कापते त्यामुळे हातात कमी येतात. खरेदी तुमच्या नावावर करा, युरोपियन युनियनमध्ये राहणाऱ्या मुलामुलींच्या नावावर केली तर रिफंड नाही. वस्तू न वापरता ठेवायची, मी पाकीट घरी येईपर्यंत डब्यातून काढलं नाही. आणि एअरपोर्टवर आधी कस्टम्सचा शिक्का, मग बॅग चेक-इन, कारण ते वस्तू दाखवा म्हणतात आणि तोपर्यंत बॅग पट्ट्यावरून गेलेली असली तर फॉर्म तसाच कोरा राहतो. आमच्या पुढच्या माणसाचा तसाच राहिला. तीन तास आधी पोचा, त्या काउंटरवर एकच माणूस होता.