आमचा मेळावा आणि आखातातून येणारी माणसं

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाचा मेळावा दरवर्षी जानेवारीत, सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरलेला असताना, संक्रांतीनंतरच्या रविवारी होतो. तारीख तीच ठेवण्याचं कारण साधं आहे. बाहेरगावी गेलेला सोलापूरकर दिवाळीला येईल न येईल, पण यात्रेतले नंदीध्वज पाहायला आणि सिद्धेश्वराच्या लग्नसोहळ्यात अक्षता टाकायला जीव तोडून येतो. दुबईचा, मस्कतचा, दम्मामचा माणूस आमच्या हाती लागतो तो याच आठवड्यात.

पहिला तास नेहमीसारखा जातो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अहवाल, जमाखर्च, वर्षभरात गेलेल्यांना श्रद्धांजली, शालीऐवजी सोलापुरी चादर देऊन सत्कार. अध्यक्ष कोणीही असोत, त्यांच्या भाषणात डॉ. द्वारकानाथ कोटणीस येतातच. 1910 साली आपल्या सोलापुरात जन्मलेला मुलगा 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला, युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिला आणि 1942 मध्ये तिथेच वारला. वय अवघं 32. ही गोष्ट कितीही वेळा ऐकली तरी मला जुनी वाटत नाही. पण मी वाट बघत असते ती त्यानंतरच्या मनोगताची.

आखाती देशांत राहणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला आम्ही दरवर्षी बोलायला उभं करतो. कार्यवाहपद माझ्याकडे आलं तेव्हा मी एकच अट घातली. पगार, फ्लॅट, सोनं यांवर बोलायचं नाही. तिथे असं काय मिळालं, जे मिळेल असं जाताना स्वप्नातही वाटलं नव्हतं, तेवढंच सांगायचं. या अटीमागे माझा स्वतःचा अनुभव आहे. लग्नानंतर मी सौदीत, जुबैलला राहिले. सुट्टीवर सोलापूरला आले की दारात पाय ठेवण्याआधी प्रश्न सुरू व्हायचे. काळा अबाया घालावा लागतो का गं? एकटीला बाहेर जाता येतं का? देव ठेवता येतो का घरात? प्रश्न खरे होते आणि त्यांची उत्तरंही सोपी नव्हती. पण प्रत्येकाच्या डोळ्यांत कीव असायची, आणि तिथे तुला काय आवडलं हे मात्र कोणी विचारत नसे. ते विचारणारी एक जागा तरी गावात असावी, असं मला मनापासून वाटत आलं आहे.

हे मनोगत खऱ्या अर्थानं उभं केलं ते आमच्या एका नर्सताईंनी. सिव्हिलमध्ये शिकलेल्या, रियाधच्या एका मोठ्या रुग्णालयात रात्रपाळ्या केलेल्या. पांढरी साडी, हातात कागद नाही. त्या म्हणाल्या, "बाई, तिथे जाताना मला वाटलं होतं की आता बायकांचं हसणं ऐकायला मिळणार नाही." आणि मग त्यांनी एका लग्नाचं वर्णन केलं. बरी होऊन घरी गेलेल्या एका आजींनी नातीच्या लग्नाला बोलावलेलं. बायकांचं दालन पूर्ण वेगळं, कॅमेऱ्याचे फोन दारातच जमा. आत गेल्यावर काळे अबाये खुंटीवर गेले आणि जरीचे, मण्यांचे, लखलखते पोशाख बाहेर आले. डफ वाजवणाऱ्याही बायका, गाणाऱ्याही बायका. कोण बघतंय याची काळजी नसलेल्या साठीच्या बायका मध्यरात्रीपर्यंत नाचल्या आणि जेवण वाढलं तेव्हा एक वाजून गेला होता. "आपल्याकडे मंगळागौरीला असते ना, तशी मोकळीक," ताई म्हणाल्या आणि सभेतल्या सगळ्या बायका एकदम माना हलवायला लागल्या. मग त्यांनी व्यासपीठावरचा चहाचा कप उचलून कहवा, म्हणजे अरबी कॉफी, कसा पितात ते दाखवलं. वेलदोड्याचा वास, सोबत खजूर, कपात चार घोटच ओततात, कप रिकामा झाला की पुन्हा ओततात. पुरे म्हणून तोंडानं सांगायचं नाही, कप दोन बोटांत धरून हलकेच हलवायचा. त्या दिवशी जेवणानंतरच्या चहाला निम्म्या मेळाव्यानं कप हलवून दाखवले. अजूनही कोणी कोणी हलवतं आणि मला ताईंची आठवण येते. आता त्या नाहीत.

दुसरं मनोगत जे मी विसरू शकत नाही, ते सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका दादांचं. वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. मिल बंद पडली, घरातला माग विकला आणि दादा दम्मामला एसी दुरुस्तीच्या कामावर गेले. त्यांनी काही लपवलं नाही. एका खोलीत आठ पलंग, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, आई गेल्यावर रजा मिळाली नाही म्हणून फोनवर ऐकलेलं रडणं. सभा गप्प झाली. तिथल्या कामगारांचं हे दुःख न सांगता कोणी आखाताचं कौतुक करावं, हे मलाही मान्य नाही. पण पुढे दादा ज्या आनंदानं बोलले तोही तितकाच खरा होता. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी, अशोक चौकातल्या मित्रांबरोबर उर्दू. ज्याला इथे कोणी शिक्षण म्हणत नव्हतं, त्या चार भाषांमुळे दादा कॅम्पचे दुभाषी झाले. करीमनगरच्या मुलाचं पत्र, गुलबर्ग्याच्या म्हाताऱ्याची तक्रार, पाकिस्तानी फोरमनचा हुकूम, सगळं यांच्या तोंडून जायचं. शुक्रवारी सकाळी रिकाम्या मैदानावर क्रिकेट, आणि एकाच संघात लाहोरचा गोलंदाज आणि सोलापूरचा यष्टिरक्षक. रमजानची एक संध्याकाळ त्यांनी सांगितली. मगरिबची अजान होत आलेली, गाड्या सिग्नलला थांबलेल्या, आणि शाळकरी पोरं खिडक्या-खिडक्यांतून पाण्याच्या बाटल्या आणि खजुराची पाकिटं आत सारतायत. दादा म्हणाले, मी हिंदू आहे. पोरगा म्हणाला, तहान तर लागली असेल ना? उन्हाबद्दल मात्र दादांनी कुरकूर केली नाही. सोलापूरचा मे काढलेल्या माणसाला तिथल्या उन्हाचं काय सांगता, म्हणाले.

इथे मला एक खंत मांडायचीच आहे. अमेरिकेहून कोणी बोलायला आलं की मागे उभं राहायला जागा नसते. दादा बोलत होते तेव्हा शेवटच्या रांगांतले लोक पंगतीकडे निघाले होते आणि दुसऱ्या वर्षी तर एका पूर्ण तुकडीनं थेट जेवणाच्या वेळीच हजेरी लावली. भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी आमच्याकडे उत्तम होते, हे मी मान्य करते. तरीही ज्या माणसानं आपला एकमेव मोकळा रविवार मंडळाला दिला, त्याच्यासमोर पंधरा मिनिटं बसायला हवं होतं. बसलेल्यांत आमच्या चित्रकलेच्या बाई होत्या. ऐंशीच्या पुढचं वय, गुडघे धरलेले. त्या शेवटपर्यंत पहिल्या रांगेत होत्या.

बसची गोष्ट सांगणाऱ्या वहिनींचं मनोगत ऐकून तर मी व्यासपीठावरच रडले, कारण ती बस माझीही होती. सौदीत बायकांना गाडी चालवायची परवानगी 24 जून 2018 ला मिळाली. त्याआधी आमच्या वसाहतीतून ठरलेल्या दिवशी बायकांना बाजारात नेणारी बस निघायची. बाहेरून बघणाऱ्याला ती बंधनाची खूण वाटेल आणि ती होतीच. पण त्या बसमध्ये केरळची नर्स, फिलिपिन्सची शिक्षिका, लाहोरची डॉक्टरीणबाई, इजिप्तची आजी आणि आम्ही दोन-तीन मराठी बायका शेजारी शेजारी बसायचो. नमाजाच्या वेळी दुकानांची शटर खाली यायची आणि आम्ही पायऱ्यांवर बसून राहायचो. घाई करून उपयोगच नसायचा. त्या अर्ध्या तासांत मी भरल्या वांग्यांची कृती इजिप्तला दिली आणि बाळंतपणाचे सल्ले लाहोरकडून घेतले. सोलापुरात स्कूटीवर एकटी हिंडताना इतक्या बायकांशी मी कधी बोलले नव्हते. वहिनींनी पुढे परवाना काढला, स्वतः गाडी चालवत मुलाला शाळेत सोडलं, तो दिवस सांगताना त्यांचा आवाज उंच झाला होता. मग म्हणाल्या, "गाडी आली याचा आनंद आयुष्यभर राहील. पण बस रिकामी धावायला लागली तेव्हा मी एकदा मुद्दाम तिच्यात बसून आले."

माझ्या स्वतःच्या वाट्याला आलेल्या सुखांबद्दल मी मेळाव्यात फारसं बोलत नाही, कार्यवाहानं बोलू नये. इथे थोडं लिहिते. 2018 च्या आधी तिथे चित्रपटगृह नव्हतं, नाटक नव्हतं, गणपतीचा मंडप तर नाहीच. म्हणून आम्ही मराठी घरं एकमेकांच्या दिवाणखान्यात राहायला शिकलो. सुट्टी तेव्हा गुरुवार-शुक्रवारची होती, 2013 पासून ती शुक्रवार-शनिवारची झाली. सुट्टीच्या आदल्या रात्री भिंतीच्या आतली बाग भाड्यानं घ्यायची, पोरांना मोकळं सोडायचं आणि एकानं पाठ केलेली पदं म्हणायची. गणपती घरातल्या घरात, दार लावून, सुपारीचा. आरती हळू आवाजात. टाळ नसताना, झांज नसताना शब्द इतके स्पष्ट ऐकू येतात, हे मला तिथे कळलं. माझ्या मुलीचं मराठी तिच्या इथल्या चुलतभावंडांपेक्षा चांगलं आहे, ते त्या दिवाणखान्यांमुळे.

शेजारच्या सौदी कुटुंबाची आणि आमची भाषा जुळत नव्हती. रमजानात त्यांच्याकडून सांबूसे आणि गोड लुकैमात भरलेलं ताट यायचं. आपल्याकडे कोणाचं ताट रिकामं परत करत नाहीत, म्हणून मी कडक भाकरीचे तुकडे आणि शेंगा चटणी ठेवून ते परत केलं. दुसऱ्या दिवशी त्या घरातल्या आजींचा नातू रिकामी वाटी घेऊन दारात उभा, बोटानं वाटीकडे दाखवत. पुढे सुट्टीवरून परतताना आमच्या बॅगेत त्यांची चटणी वेगळी बांधलेली असायची. (नव्यानं जाणाऱ्यांना एक सांगते: खसखस मात्र बॅगेत टाकू नका. ती तिथे निषिद्ध मालात येते आणि विमानतळावर फार त्रास होतो. अनारसे खसखशीशिवाय नेता येत नाहीत, तेव्हा शंकरपाळे न्या.) आणि हिवाळ्यातला पाऊस! दुष्काळी जिल्ह्यातल्या माणसाला पावसाचं अप्रूप असतं, ते मी तिथे शेजाऱ्यांच्या डोळ्यांत पाहिलं. सरी आल्या की सगळं गाव चटया, थर्मास घेऊन वाळवंटात. चार दिवसांत रेतीवर हिरवी लव आणि लहान जांभळी फुलं. हिप्परगा तलाव भरल्यावर आपण बघायला जातो, अगदी तसे आम्ही जायचो.

आता ज्यांच्यामुळे मेळावा होतो त्यांच्याबद्दल. नावं घेतली तर एखादं राहील आणि मला वर्षभर झोप लागणार नाही, म्हणून कामावरून सांगते. पहाटे पाचला फाटक उघडणारे शाळेचे मामा. भाडं गेल्या वर्षीचंच घेणारे मंडपवाले. माईक बंद पडल्यावर स्वतःच्या दुकानातून दुसरा आणणारे ध्वनिक्षेपकवाले आणि त्यांचा मुलगा. रात्रभर भाकरी थापणाऱ्या बचत गटाच्या मावश्या, हुग्गी ढवळणाऱ्या अक्कलकोट रस्त्याकडच्या काकू, चटणी कुटून देणारं नवी पेठेतलं कुटुंब. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही हे सर्वांना ठाऊक आहे. मेळाव्याच्या आदल्या दिवशी टाक्या भरून ठेवणारे शेजारच्या वाड्यातले आजोबा, त्यांचे उपकार मोठे. नववीच्या रांगोळीवाल्या मुली, गाड्या लावून घेणारे स्काउट, फलक लिहिणारे सर, हिशेबात एक रुपयाही इकडे तिकडे न होऊ देणारे कोषाध्यक्ष, मनोगतं फोनवर चित्रित करून अंथरुणाला खिळलेल्या मोठ्या बाईंना घरी जाऊन दाखवणारी 96 च्या तुकडीतली मुलगी. आणि चपला सांभाळणारा सहावीतला तो छोटा, जो कोणी न सांगता दोन वर्षं ते काम करतोय.

येत्या मेळाव्यात कुवेतमध्ये ग्रंथपाल असलेल्या आमच्या एका विद्यार्थिनीनं बोलायचं कबूल केलं आहे. तिचं विमान आदल्या रात्री मुंबईला उतरतं आणि ती सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी पोचेल. स्टेशनवर घ्यायला जायला दोन दुचाकीस्वार आणि तिच्या सामानासाठी एक रिक्षा लागेल, इच्छुकांनी मला आधी सांगावं. या वेळी मनोगत जेवणाच्या आधी पूर्ण दीड तास ठेवलं आहे आणि स्वयंपाकघराला मी सांगून ठेवलंय, ती खाली बसल्याशिवाय पहिली पंगत वाढायची नाही.