‘भूक लागली की खाईल’ म्हणणाऱ्यांसाठी

“भूक लागली की खाईल गं, जातोय कुठे!” आमचं मांजर नवं खाणं खात नाही म्हटल्यावर हे मला ज्यांनी ज्यांनी ऐकवलं त्यांची यादी मला तोंडपाठ आहे. सासूबाई, खालच्या मजल्यावरच्या काकू, आमचा चिकनवाला, घरी लॅब्रेडॉर आहे म्हणून सगळ्या प्राण्यांतलं कळतं असं समजणारा ऑफिसातला एकजण. आणि एक डॉक्टर. बाकीच्यांना मी कधीच माफ केलं. डॉक्टरांना अजून नाही, कारण त्यांनी याच वाक्याचे पैसे घेतले.

मांजराला विकतच्या कोरड्या दाण्यांवरून कच्च्या मांसावर आणायचं म्हटलं की लोक विचारतात, मांस कुठून आणतेस, हाडांचं काय करतेस, फ्रीजला वास येत नाही का. ते सगळं सुटतं. अडतं ते मांजरापाशी.

आमचा बटर (रंग बेकरीतल्या बटरासारखा, म्हणून हे नाव) नसबंदी झालेला, साडेपाच किलोंचा बोका. ठाण्यातल्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीत बसून कबुतरांवर डाफरणं हा त्याचा पूर्णवेळ उद्योग. पिल्लू असल्यापासून दाण्यांवर वाढलेला. मागे त्याच्या लघवीत स्फटिक निघाले. बोक्याची मूत्रनळी फार बारीक असते. ती तुंबली तर दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. पोटात पाणी जास्त गेलं पाहिजे, एवढं सगळ्या डॉक्टरांनी एकमताने सांगितलं. आता मांजराचा पूर्वज वाळवंटातला, त्याला तहान अशी फार लागतच नाही, पाणी शिकारीतूनच मिळायचं. मांसात सत्तर-पंचाहत्तर टक्के पाणी असतं, दाण्यांत जेमतेम दहा. डब्यातलं ओलं खाणं आणून पाहिलं. बटरने रस्सा चाटला आणि तुकडे आम्हाला परत केले. तेव्हा ठरवलं, मांसच द्यायचं.

मांसाचं गणित मला पटकन जमलं आणि त्याचा थोडा तोराही आहे, म्हणून आधी तेच सांगून टाकते. नुसतं बोनलेस चिकन देणं हे सगळ्यात वाईट. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. असं खाऊन वाढलेल्या पिल्लांची हाडं साध्या उडीने मोडतात. कच्ची हाडं दळून घालावीत तर आमच्या चिकनवाल्याने खिम्याच्या मशीनकडे बोट दाखवून “मॅडम, ब्लेड जाएगा” म्हणून विषय संपवला. मग अंड्याची कवचं. धुवायची, तव्यावर कोरडी होईपर्यंत भाजायची, मिक्सरमधून पिठासारखी बारीक काढायची. किलोभर बोनलेसला एक सपाट चहाचा चमचा. कलेजी किलोला पन्नास ग्रॅम आणि त्याच्या पुढे अजिबात नाही. गाजरातून अ जीवनसत्त्व बनवणं मांजराला जमत नाही, ते कलेजीतूनच यावं लागतं. पण कलेजीचा मारा केला तर तेच अंगात साठून मानेच्या मणक्यांवर हाड वाढतं. कलेजी-पोट्याच्या पिशवीत हृदयं येतात, ती निवडून ठेवायची, त्यांत टॉरिन (मांजराला मांसातूनच मिळणारं एक आवश्यक द्रव्य) चांगलं असतं. आणि टॉरिनची पावडर, किलोला साधारण दोन ग्रॅम. टॉरिन कमी पडलं तर मांजराचं हृदय फुगून ढिलं पडतं, नजर जाते. हृदयाचा हा संबंध कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी १९८७ साली दाखवला, आणि ती आजारी मांजरं विकतचंच खाणं खात होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं.

असं सगळं मोजून मिसळून पहिली वाटी बटरसमोर ठेवली. त्याने एकदा वास घेतला आणि वाटीभोवतीची फरशी पुढच्या पंजाने खरवडायला सुरुवात केली. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना कळलं असेल. शी झाकताना मांजर करतं तेच.

दुसऱ्या वाटीलाही तेच. तिसरी तर त्याने हुंगलीही नाही.

तेव्हा मी त्या डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, या, तपासू. गेले. बाहेर बाकावर दीड तास, पिंजऱ्यात बटरचं अखंड रडगाणं, आत गेल्यावर त्यांनी त्याच्या पोटावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, “दाणे उचलून ठेवा. दोन-तीन दिवस काहीच देऊ नका. भूक लागली की खाईल.” मी विचारलं, एवढा उपास मांजराला चालतो का? तर हसून म्हणाले, “अहो, जनावर आहे ते.” फी काउंटरवर.

कुत्र्याला हे चालून जातं. मांजराला नाही. त्यातही जाड्या मांजराला मुळीच नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृताकडे धावते, यकृताला ती झेपत नाही आणि ते स्वतःच चरबीने भरून बंद पडायला लागतं. मग मांजराला मळमळतं, म्हणून ते आणखी खात नाही. अशा मांजरांना नळीने भरवून वाचवावं लागतं, आणि सगळी वाचत नाहीत. म्हणजे ‘भूक लागली की खाईल’ हे मांजराच्या बाबतीत उलटं आहे. फार उपाशी ठेवलं तर भूकच मरते.

हे मला सांगितलं दुसऱ्या डॉक्टर मॅडमनी, ज्या आमच्यापासून लांब आहेत आणि ज्यांच्याकडे आता आम्ही इमानेइतबारे जातो. त्यांनी कच्च्या मांसाची भलामण केली नाही. जोखीम तुमची, म्हणाल्या. पण करायचंच असेल तर नियम ऐका. चोवीस तासांत त्याने पुरेसं खाल्लं नाही तर मुकाट्याने जुने दाणे द्यायचे. रोज वजन करायचं. आठवड्याला वजनाच्या एक-दोन टक्क्यांहून जास्त उतरता कामा नये, म्हणजे बटरच्या बाबतीत पन्नास ते शंभर ग्रॅम. आणि घाई करायची नाही, महिने लागले तरी.

घाई करायची नाही हे मला सांगणं सोपं, माझ्याकडून करवून घेणं अवघड.

पहिली पायरी म्हणजे दिवसभर भरलेली वाटी उचलायची आणि तीनच वेळा दाणे द्यायचे. सतत चरणाऱ्या मांजराला नवं काही चाखावंसं वाटेलच कशाला? आणि दाण्यांशी स्पर्धा सोपी नाही. त्यांच्यावर मांसाचा अर्क फवारलेला असतो, मांजराने वेडं व्हावं म्हणूनच. तर वाटी उचलली आणि बटर पहाटे चारला सासूबाईंच्या दारावर उभा राहून ओरडायला लागला. माझ्या दारावर नाही, त्यांच्या. त्याला माणसं कळतात.

तरी त्याचं वजन हलत नव्हतं. मी खूश होते. मांसाला तोंड लावत नाही, दाणे मोजून, आणि तरी एक ग्रॅम उतरत नाही म्हणजे पचनशक्तीच सुधारली असणार, असं मी नवऱ्याला समजावून सांगत होते. मग एकदा सासूबाईंच्या कपाटात त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या शोधताना हॉर्लिक्सच्या बाटलीत दाणे सापडले. अर्धी बाटली. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, “मुकं जनावर आहे. त्याचा तळतळाट मला नको.” म्हणजे ‘भूक लागली की खाईल’ म्हणणारं माणूसच त्याला भूक लागू देत नव्हतं.

शेवटी तह झाला. पहाटेचे दाणे सासूबाईंनी द्यायचे, पण मी मोजून दिलेले.

मधली पायरी शिजवलेल्या चिकनची. बिनमिठाचे, बिनमसाल्याचे उकडलेले तुकडे तो कुरकुरत का होईना खायला लागला. मग रोज थोडं कमी शिजवायचं, आतून गुलाबी, मग बाहेरून नुसतं वाफवलेलं. इथपर्यंत यायलाच काही आठवडे गेले, आणि पूर्ण कच्च्यावर येताच गाडी पुन्हा ठप्प. दाणे कुटून वर भुरभुरवले तर वरची भुकटी चाटून मोकळा. त्यावर आमच्या घरचा उपाय निघाला तो जवळा. चेंदणी कोळीवाड्यातल्या एका मावशींकडून बिनमिठाचा सुका जवळा आणला, भाजून त्याची पूड केली आणि मांसावर चिमूटभर टाकली. पहिल्यांदाच तो वाटीकडे धावत आला. खाल्लं नाही, पण धावत आला, आणि त्या आनंदात मी रडायची बाकी होते. जवळा बिनमिठाचाच हवा, खारवलेला नको.

खरी किल्ली मात्र त्यानेच दाखवली. आमच्या रश्श्यासाठी मी तंगडीचं मांस लांब कापत होते, मसाला लागायचा होता. बटर ओट्यावर चढला, एक पट्टी उचलली आणि सोफ्याखाली पळाला. गुरगुरत, मान वाकडी करून, दाढांनी चावून खाल्ली. इतके दिवस मी त्याला खिमा देत होते आणि त्याला तोंडात लिबलिब नको होती! जन्मभर कडक दाणे फोडलेल्या प्राण्याला चावायला काहीतरी हवं होतं. त्या दिवसापासून बोटाएवढ्या पट्ट्या, कात्रीने कापलेल्या, वर पावडरींचं आणि कलेजीचं मिश्रण चोळलेलं. खाणं सोफ्याखाली. सासूबाई स्वतः तिथे लोकसत्ता अंथरतात.

हो, तापमान सांगायचं राहिलं. फ्रीजमधलं गार मांस मांजर खात नाही. पिशवी कोमट पाण्यात धरून ते उंदराच्या अंगाइतकं कोमट करायचं. आणि वाटी अर्ध्या तासाच्या वर बाहेर ठेवायची नाही, ठाण्यातल्या मे महिन्यात तर वीस मिनिटंसुद्धा पुष्कळ.

मासे स्वस्त पडतात म्हणून कच्चे मासे रोज घालू नका. काही माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, मांजराची मान खाली लोंबायला लागते, झटके येतात. शिजवल्यावर तो घटक जातो. शिजवलेलं हाड कधीच नाही, त्याच्या चिरफळ्या होतात. आपल्या रश्श्यातला तुकडा तर नाहीच, कांदा-लसूण मांजराचं रक्त बिघडवतो.

श्रावणाचा प्रश्न आमच्याकडे चर्चेने सुटला नाही, छोट्या जुन्या फ्रीजने सुटला. माहेरी पडून होता, तो गॅलरीत आणून ठेवला. त्यात दीडशे-दीडशे ग्रॅमची पाकिटं, म्हणजे बटरचा एकेका दिवसाचा शिधा. एक फायदा म्हणजे श्रावणात चिकनवाल्याकडे गर्दी नसते, हृदयं तो आपणहून बाजूला काढून ठेवतो. गटारीच्या दिवशी मात्र तिकडे फिरकू नका. बटरच्या मांसाला वेगळी सुरी, वेगळा पाट, आणि काम झालं की ओटा साबणाने धुऊन ब्लीचने पुसायचा. गोठवल्याने साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) मरत नाही, नुसता झोपतो. घरात तान्हं मूल, गरोदर बाई किंवा केमो चालू असलेलं कोणी असेल तर हा उद्योग करूच नका असं मी स्पष्ट सांगते.

आणि माझं वर दिलेलं प्रमाण हा पूर्ण आहार समजू नका. त्यात ई, ब समूह, आयोडीन, जस्त असं बरंच काही डॉक्टर मॅडमनी बटरचे रिपोर्ट बघून घालायला सांगितलं, ते बटरचं आहे. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या पशुवैद्यकांनी मांजरांच्या शंभरावर घरगुती पाककृती तपासल्या, त्यांतली एकही सगळ्या निकषांना उतरली नाही. म्हणून एकदा जाणकाराकडून मोजून घ्या.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि जानेवारी २०२५ मध्ये नागपूरची बातमी आली. गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात डिसेंबरात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले होते, भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लू म्हणून सांगितलं. कोंबडीच्या मांसातून आला असावा असा संशय होता. त्याच महिन्यात छिंदवाड्यात घरगुती मांजरांतही तो सापडला. अमेरिकेत ओरेगॉनला कच्चं गोठवलेलं टर्कीचं खाणं खाऊन एक पाळलेलं मांजर गेलं होतं, ते मी आधी वाचून सोडून दिलं होतं. वाघाला जे झेपलं नाही ते बटरला काय झेपणार!

त्याच दिवसापासून कच्ची कोंबडी बंद. इतक्या महिन्यांच्या यातायातीनंतर मी धडधडत्या छातीने पट्ट्या पूर्ण शिजवून त्याच्यापुढे ठेवल्या, आणि बटरने मान वर न करता वाटी साफ केली. मला इतका राग आला की सांगता येत नाही. मॅडम म्हणाल्या, मांस हेच अन्न हे त्याला पटलं, कच्चं की शिजलेलं याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. लघवीचा रिपोर्ट आता स्वच्छ येतो, त्याला पाण्याशीच मतलब होता.

तेव्हा सध्या आमच्याकडे असं चालतं. पट्ट्या थोड्याच पाण्यात, आतपर्यंत सत्तर अंशांवर जातील इतक्या शिजवायच्या. टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी फेकायचं नाही, वाटीत घालायचं. कवचाची पूड आणि टॉरिन कोमट झाल्यावर वरून. जवळ्याची पूड आता गरजेची नाही, पण सासूबाई घालतात.