खरड आणि गोडी

अंगणातल्या द्राक्षवेलीने पहिली तीन वर्षं आम्हाला नुसती पानं दिली. तक्रार अशी नव्हतीच. भर उन्हाळ्यात मांडवाखाली आईची खाट असायची, वाल सोलणं आणि दुपारची डुलकी तिथेच.

मग एका एप्रिलमध्ये निफाडहून मामा आला. मान वर करून त्याने मांडव पाहिला आणि विचारलं, "आक्का, सावली हवी की द्राक्षं?" उत्तराची वाट न पाहता कात्री चालवली. ओलांड्यावरची, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवरची, प्रत्येक काडी एक-दोन डोळ्यांवर आणून ठेवली; डोळा म्हणजे कोंब फुटायची जागा. कापल्या जागेतून थेंब थेंब पाणी गळायला लागलं. "बघ, रडतेय," म्हणत आई घरात निघून गेली.

या छाटणीला खरड छाटणी म्हणतात. नावातच दयामाया नाही. थंड देशांत हिवाळ्यात वेल आपणहून पानं टाकून झोपते, तिथे एका छाटणीवर भागतं. आपल्याकडे तिला तेवढी थंडीच मिळत नाही, म्हणून दोनदा कापायचं. एप्रिलची खरड काडीसाठी, ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी. गंमत म्हणजे फळ ठरतं ते उन्हाळ्यातच. खरडीनंतर फुटलेल्या नव्या काडीच्या डोळ्यात साधारण चाळीस ते साठ दिवसांत घड धरतो, डोळ्यांना न दिसणारा. तेव्हा काडीला ऊन हवं. सावलीतला डोळा ऑक्टोबरनंतर फुटतो खरा, पण घडाच्या जागी बाळी निघते, आधार शोधत वळवळणारा नुसता तंतू.

म्हणजे तीन वर्षं आईच्या खाटेवर पडलेली सावली ही आमची न आलेली द्राक्षं होती! हे मी तिला सांगितलं. "मग काय, झोप तर लागली ना," ती म्हणाली.

त्या वर्षी मी विरळणी केली, काडीच्या बगलेतले फुटवे म्हणजे बगलफुटी काढल्या, पावसाळ्यात केवडा रोगाच्या धाकाने मोरचूद-चुन्याचं बोर्डो फवारलं, भिंतीचा रंगही निळसर करून ठेवला. फेब्रुवारीत अकरा घड आले. दोन बुलबुलांनी खाल्ले, एक मी घाईने आंबटच तोडला. उरलेल्यांतला सगळ्यात मोठा घड आईने आधी देवापुढे ठेवला आणि मग मामासाठी डब्यात भरला.

आता पुन्हा एप्रिल लागलाय. आईने खाट शेजारच्या आंब्याखाली हलवली आहे. कात्री मात्र चार दिवस सापडत नाहीये, आणि ती कुठे आहे हे विचारलं की आईला नेमकं ऐकू येत नाही.